अर्ध्या कार्डाचा हिशेब

डोंबिवली,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय पक्या,

काल मुक्ता म्हणाली, "बाबा, हेच ग्राफिक कार्ड घेऊ या, ह्यात मेमरी जास्त आहे." शब्दन् शब्द तुझा. हनुवटी वर करून बोलणंसुद्धा तुझंच. मी अनघाला म्हटलं, हे पक्याचं भूत आपल्या घरात कुठून शिरलं? तिला काही कळलं नाही. कळणार कसं, कॉलेजातल्या आपल्या विद्यानगरच्या खोलीत ती नव्हती. फोनच करणार होतो, पण दिवाळीत तुला "नंतर करतो" म्हणालो तो नंतर अजून उगवलेला नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं शिव्या खाण्यात जातील. व्हॉइस मेसेज पाठवला तर तू तो दीडपट वेगाने ऐकतोस. म्हणून हे लिहितोय.

आमच्या तब्येती ठीक. अण्णांची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ जशी होती तशी.

तर मुक्ताला गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय. अकरावीत गेल्यावर देऊ असं मीच कबूल केलं होतं आणि तिने ते विसरायला हवं होतं, पण पोरगी आईवर गेलीय. अण्णांनी थोडे घातले, बाकीचे माझे. अनघाने आकडा ठरवला ७५,०००, मॉनिटरसकट, वर एक रुपया नाही. कीबोर्ड-माऊस आहे तोच. तुला वाटेल, पंचाहत्तरमध्ये काय नाही बसणार! मलाही तेच वाटलं होतं. पण पक्या, रॅमचे भाव बघितलेस का गेल्या दोन-तीन महिन्यांत?

आधी लॅमिंग्टन रोडचं सांगतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, पूर्वेला बाहेर पडलो, आणि गल्ली अजून तशीच आहे रे. फूटपाथवर अँटेना, माईक, वायरींची भेंडोळी, मध्येच सीसीटीव्हीवाले हात धरून ओढतायत. एका दुकानात शिरलो तर काचेत एक तयार मशीन ठेवलेलं, पुढे चार पंखे, चारही इंद्रधनुष्यासारखे पेटलेले. "साहेब, आय सेव्हन, सोळा जीबी, ग्राफिक कार्ड, पंचवीस हजारात गेमिंग." मी विचारलं, आय सेव्हन कुठल्या जनरेशनचा? तो म्हणाला, "साहेब, आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन." शेवटी मुक्तानेच की-बोर्ड पुढे ओढून बघितलं. चौथ्या जनरेशनचा निघाला, आणि कार्ड दोन जीबीचं जीटी ७३०. म्हणजे अकरा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला रामराम केला. हे सगळं पोरगी त्या माणसाला शांतपणे सांगत होती. तो मला म्हणाला, "साहेब, तुम्ही बोला ना." मी काय बोलणार? मी तर अभिमानाने फुगून उभा होतो.

आता मुद्द्यावर येतो. कार्ड.

गेमची चित्रं पडद्यावर काढणाऱ्या तुझ्या त्या ८६०० जीटी कार्डावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो ते आठवतं? दुकानात दोन डबे होते, नाव एकच. एकावर २५६ एमबी, दुसऱ्यावर ५१२. मी घसा फोडून सांगत होतो की २५६ वाल्यात जीडीडीआर३, म्हणजे वेगवान मेमरी आहे आणि ५१२ वाल्यात साधी डीडीआर२, वेग जवळजवळ निम्मा. तुझं एकच पालुपद, "मेमरी जास्त आहे." चव्हाणने तुझ्या बाजूने मत दिलं, कारण त्याला तुझ्या डब्यातली चकली हवी होती. घेतलं ५१२ वालं, निम्मे पैसे माझे, आणि पुढचं वर्षभर मी गेममधल्या सावल्या बंद करून खेळलो. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

आणि ही चलाखी संपलेली नाही बरं का. २०१८ मध्ये कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने जीटी १०३० चं डीडीआर४ वालं रूप काढलं. नाव तेच, मेमरी तीच दोन जीबी, पण तिचा वेग जीडीडीआर५ वाल्याच्या साधारण एक तृतीयांश. मग त्यांचंच आरटीएक्स ३०६०. आधी १२ जीबीचं आलं, मागाहून ८ जीबीचं, नाव तेच. त्यात नुसती मेमरी कमी झाली नाही, मेमरीकडे जाणारा रस्तासुद्धा १९२ बिटांवरून १२८ वर आला. तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नये हे मी २००७ मध्ये म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

फक्त ह्या वेळी १२ वालंच घ्यावं असं मला वाटतंय. हसू नकोस. आधी पूर्ण वाच.

मुक्ता म्हणते ते इंटेलचं आर्क बी५८० आहे. हो, इंटेल ग्राफिक कार्डं बनवतं आता, तुझ्या देवाने नवा अवतार घेतलाय. डिसेंबर २०२४ मध्ये आलं, २४९ डॉलरला, १२ जीबी जीडीडीआर६ आणि १९२ बिटांचा रस्ता. त्याच पैशात, किंवा थोडे जास्त टाकून, दुसऱ्या दोघांची, एनव्हिडिया आणि एएमडीची, कार्डं मिळतात ती ८ जीबीची. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मोठ्या गेममध्ये ८ जीबी भरून जातं. मग भिंतीवरची चित्रं पुसट दिसतात, किंवा चालता चालता गचका बसतो. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तो आकडा, छान दिसतो आणि खेळताना मात्र दात आवळावे लागतात. एएमडीचं १६ जीबीचं ९०६० एक्सटी आहे, ते सगळ्यात शहाणं कार्ड, पण ते घेतलं तर मॉनिटरच्या जागी अण्णांचा जुना टीव्ही लावावा लागेल. म्हणजे बी५८० मध्ये आकडा मोठा आहे आणि मेमरीही धड आहे. तुझ्या ५१२ मध्ये यातलं दुसरं नव्हतं. हा फरक मी मुक्ताला नीट समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे पक्याकाका बरोबर होते." तिला चकल्या पाठवणं बंद कर.

पण बी५८० ची एक खोड आहे. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला फार राबवतो. तगडा प्रोसेसर असेल तर पळतं, जुनाट असेल तर काही गेममध्ये धापा टाकतं. शिवाय बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर त्या कार्डाला हातच लावू नये. आणि इथेच घोडं पेंड खातं. प्रोसेसर कुठला?

माझा डोळा एएमडीच्या रायझन ५ ५६०० वर आहे. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, खोक्यातच पंखा मिळतो. एप्रिल २०२२ चा आहे, म्हणजे आता म्हाताराच, पण काटक. बी५५० बोर्डावर रिसायझेबल बार चालतं. तो घेतला की बोर्डावरची प्रोसेसरची बैठक एएम४, जुनी, आणि एएम४ म्हणजे पुढे रस्ता बंद. शहाण्या माणसाने नवी एएम५ घ्यावी, रायझन ५ ७६०० वगैरे, तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. यूट्यूबवरचा प्रत्येक पोरगा हेच सांगतो आणि खरंच सांगतो. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते.

आता रॅम ऐक. गेल्या वर्षी ह्या दिवसांत १६ जीबी डीडीआर५ चार-साडेचार हजारांत मिळत होती. परवा जो भाव ऐकला तो ऐकून मी त्या माणसाला म्हटलं, तोळ्याचा सांगतोयस का? तिप्पट म्हणजे त्याने माझ्यावर उपकार केल्यासारखं होतं. जगात रॅमच्या चिपा बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघांनाही एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी धरलंय. त्यांना लागते ती एचबीएम नावाची खास वेगवान मेमरी, तिला तेवढ्याच जीबीसाठी वेफर (चिपा ज्यातून कापतात ती सिलिकॉनची चकती) कितीतरी जास्त लागतो, आणि नफाही तिकडे जास्त. मग तुमच्या-आमच्यासाठी उरणार काय? मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये सांगूनच टाकलं की क्रुशियल ह्या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना विकणं बंद. आपण विद्यानगरला घेतली होती ती कुणाची होती रे? मला वाटतं ट्रान्सेंड.

डीडीआर४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही. एसएसडीही त्याच वाटेने चाललीय. कागदावर मांडलं तर असं येतं: कार्ड पंचवीस, प्रोसेसर अकरा, बोर्ड नऊ, एक टीबीची एसएसडी आठ, पॉवर सप्लाय पाच, कॅबिनेट साडेतीन, चोवीस इंची मॉनिटर दहा. झाले साडेएकाहत्तर, आणि ह्यात रॅम नाही. रॅमसाठी साडेतीन हजार उरतात. वर्षापूर्वी तेवढ्यात सोळा जीबी येऊन बटाटेवडे झाले असते.

काय कापू? संज्या म्हणतो पॉवर सप्लाय काप, कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो लाव. हे कोण म्हणतंय, तर जो चव्हाणच्या मशीनमधून धूर निघाला तेव्हा खोलीत हजर होता! "४५० वॅट" लिहिलेला तो पत्र्याचा डबा हातात घेतला तर काड्यापेटीसारखा हलका होता. आणि बिचाऱ्या चव्हाणचं सबमिशन त्याच हार्ड डिस्कमध्ये. नाही, ते मी कापणार नाही. बी५८० एकटं १९० वॅट खातं, ब्रॉन्झ प्रमाणपत्रवाला ६५० वॅटचा घेणार. त्यावरून यूपीएसचीही भानगड निघालीय. आमचा ६०० व्हीएचा आहे, तो खरा ३६० वॅटच देतो. लाईट गेली की गेम सेव्ह करायला दोन मिनिटं मिळाली तरी बास, असं मी सध्या म्हणतोय. अनघाला अजून सांगितलेलं नाही.

सेकंडहँड कार्ड? केला विचार. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं तेव्हा जी कार्डं बाजारात आली ती अजून हातोहात फिरतायत. पुसून, पंखे बदलून, "टेस्टिंग वॉरंटी" सात दिवस. एएमडीचं एक ६६०० कार्ड दाखवलं मला, चकचकीत. पण स्क्रू बघितले तर प्रत्येकाचं डोकं घासलेलं. म्हणजे ते कितीदा उघडून झालंय देव जाणे. स्वतःसाठी घेतलं असतं. पोरीला पहिलं मशीन देताना असलं काही नको वाटलं. तसाच तो "ट्रे" प्रोसेसर, खोक्याशिवाय, पंख्याशिवाय, हजार-दीड हजार कमी आणि वॉरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडची. बिलाशिवाय घेतलं तर आणखी कमी म्हणाला. अठरा टक्के जीएसटीचा मोह कुणाला नसतो, पण तीन वर्षांनी बोर्ड गेला तर कुणाच्या दारात बसू?

मॉनिटर कापायचा तर मुक्ता उपोषणाला बसेल. १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा हवाय, आयपीएस पडद्याचा. तिच्या मैत्रिणीने तसा घेतला आणि तीन महिने तो विंडोजमध्ये साठवरच चालत होता, हिने जाऊन बदलून दिला. आता बिल्डिंगमधली सगळी पोरं हिला बोलावतात. तुझा धंदा पुढे चालवणार बहुतेक.

आता खरं सांगतो हे पुराण का लावलं. गणपतीत तू बोलता बोलता म्हणाला होतास की लॉकडाऊनमध्ये घेतलेलं मशीन तू मोडून विकलंस. (आयुष्यभर इंटेलची आरती करून घेतलंस ते रायझनच, ते मी विसरलेलो नाही.) प्रोसेसर गेला, बोर्ड गेला, कार्ड गेलं, पण रॅमला कुणी हजार रुपये देईना म्हणून तू ती ड्रॉवरमध्ये टाकलीस. आठ-आठच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, ३२००. बरोबर ना? पक्या, तुझ्या ड्रॉवरमध्ये सोनं पडलंय लेका.

ती मला दे. मग एएम४ की एएम५ हा वादच मिटतो. जोडी आहे म्हणजे ड्युअल चॅनेल, दोन्ही पट्ट्या एकदम राबतात, आणि बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली की झालं. सोळा जीबी आज पुरते, पुढे भाव उतरले की बघू. आणि पैसे विचारशील तर विद्यानगर सोडताना ते ८६०० जीटी तू कुठल्या बॅगेत घालून नेलंस ते मला माहीत आहे. निम्मं माझं होतं. "नंतर देतो" म्हणाला होतास. त्यावर इतक्या वर्षांचं व्याज लाव, दोन पट्ट्या कमीच पडतील, पण मी मोठ्या मनाचा आहे.

तुझं कसं चाललंय? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का, की बिल्डर अजून पुढच्याच महिन्यात आहे? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांना म्हणावं जिना टाळा, आणि वहिनींना नव्या नोकरीबद्दल माझ्याकडून पेढे माग. अथर्वच्या दहावीचं वर्ष ना हे? त्याला हे पत्र दाखवू नकोस.

संज्या सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला बेंगळुरूहून निघणार आहे, त्याच्याकडे दे. अँटीस्टॅटिक पिशवी असेल तर तीत घाल, नसेल तर कागदी खोक्यात. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस. आणि त्याच्या हातात देताना सांग की हा खाऊ नाही, नाहीतर लोणावळ्यालाच उघडेल.

तुझा,
दिन्या

ता. क. : पट्ट्या लांब आहेत ना, एकदा बघून घे. लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या पाठवल्यास तर त्या तशाच परत येतील, टपालखर्च तुझा.