सिस्टर, तुम्ही आईला खाली पाठवलंत

सिस्टर,

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. खिडकीकडची खाट, निळा स्कार्फ, हाताची शीर सापडायची नाही, ती मी.

आधी ज्यांना दाखवलं त्यांनी ‘या वयात अशा गाठी असतातच’ म्हणून चार महिने घालवले. नंतरचे जे भेटले, ते सगळं माझ्या वडिलांशी बोलले. मला एकच प्रश्न विचारला, “लग्न व्हायचंय का?” एकतीस वर्षांची बाई समोर बसलीय, छाती तिची आहे, हे त्यांच्या गावीच नव्हतं. असो.

तुम्ही पहिल्याच केमोला म्हणालात, “लघवी लाल होईल, भिऊ नको, रक्त न्हाई ते, औषधाचा रंग हाय.” एवढंही आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण हे पत्र दुसऱ्या केमोसाठी. मे महिना, सोलापूरचं ऊन, आदल्या रात्री केस पुंजक्यांनी उशीवर आलेले. घरी सगळ्यांचं एकच, ‘सकारात्मक राहा.’ मी आईसमोर हसायची, आई माझ्यासमोर. तिचं रडणं कुकरच्या शिट्टीत व्हायचं, माझं नळ सोडून न्हाणीत.

तुम्ही आईला एका सुईसाठी खाली मेडिकलमध्ये धाडलंत. पडदा ओढलात, पंखा वाढवलात आणि म्हणालात, “आई यायला वीस मिनिटं लागत्यात. स्कार्फ काढ. रड आता.” मग पडद्याला पाठ लावून उभ्या राहिलात. ना धीराचे शब्द, ना पाठीवर हात. कुणी आत येऊ नये एवढंच पाहिलंत. मी किती दिवसांनी आवाज काढून रडले, सिस्टर!

चांगली माणसं तशी बरीच भेटली. ओकारी आली की गुपचूप रिक्षा कडेला घेणारे, पाण्याची बाटली मागे देणारे विजापूर वेशीतले काका होतेच. पण ती वीस मिनिटं वेगळी.

आता रोजची गोळी चालू आहे. पाळी थांबलीय, अंगातून वाफा निघतात. उन्हाळा आतूनही असतो हे नव्यानं कळलं. केस मात्र बोटभर आलेत. परवा गड्ड्याच्या जत्रेत स्कार्फ न बांधता फिरले. तिथं भजी खाता खाता आईनं सांगितलं, ती सुई लागणारच नव्हती. तुम्ही तिला जिन्यापाशी गाठून म्हणाला होतात, “मेडिकलसमोर बाकडं हाय, मावशी. बसा जरा. तुम्ही बी रडून घ्या.”