पूल पार्लरवाल्यांनो, दुपारचा एक तास आम्हाला द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पूल (टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळणारी पोरं वाया जातात असं आमच्या बाबांचं ठाम मत, त्यात नोकरी लागली आणि क्यू, म्हणजे ती खेळायची काठी, सुटला तो अठरा वर्षं. गेल्या दिवाळीत भाच्याने ओढत नेलं. मला वाटलं सायकलसारखं असेल, विसरणार थोडंच, पण कसलं काय, समोरचा सरळ बॉल जाईना! मग काय, मी अजून जोरात मारायला लागलो, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) दोनदा टेबलाखाली गेला.

भाच्याने मोबाइलवर शूट करून दाखवलं तेव्हा कळलं, बॉल लागायच्या आधीच मी डोकं वर उचलतोय आणि मागच्या हाताने क्यू लाठीसारखा आवळतोय. मग महिनाभर गेम बंद, एकच प्रॅक्टिस. व्हाइट आणि दुसरा बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवायचे आणि असं मारायचं की दुसरा बॉल पॉट व्हावा, म्हणजे पॉकेटमध्ये जावा, पण व्हाइट जागच्या जागी थांबावा. तो डावी-उजवीकडे सरकला तर क्यू तिरका गेला समजायचं. दोन बॉलमधलं अंतर वाढलं की व्हाइटच्या मध्याच्या जरा खाली मारावं लागतं, कारण कापडावर घासत जाता जाता व्हाइट पुढे लोळायला लागतो. हे कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक, चाळिशीनंतर चष्मा! खाली वाकलं की नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते, बॉल दिसतो अर्धा आणि फ्रेम दिसते पूर्ण. डेनिस टेलर 1985 ची स्नूकरची (पूलसारखाच क्यूचा खेळ) वर्ल्ड फायनल अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकला तो उंच काचांचा खास चष्मा घालूनच, तसा काही इथे मिळतो का हे कुणी कळवलं तर उपकार होतील.

विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि 1958 ला बिलियर्ड्सचे (हाही क्यूचाच खेळ) जागतिक हौशी विजेते झाले (बाबांना हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मलाच माहीत नव्हतं). त्याच पुण्यात आज पार्लरमध्ये टेबल भाड्याने मिळतं, पण चूक दाखवणारा माणूस मिळत नाही. दुपारी टेबलं ओसच असतात, तेव्हा आमच्यासारख्या परत आलेल्यांना एक तास स्वस्तात द्या, एखादा जाणता खेळाडू बाजूला उभा करा, आम्ही त्याचे वेगळे पैसे देऊ.

आणि क्यूच्या टोकावरच्या टिपा बदला हो, दगडासारख्या कडक झाल्यात, चॉकसुद्धा टिकत नाही त्यावर.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे