विकत घेतलेले गाणे आपले कधी होणार?

महोदय,

काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे मोजून नाट्यसंगीताचे अल्बम घेतले होते. पुढे ते दुकान बंद पडले आणि फाइल जवळ असूनही, परवाना तपासणारा सर्व्हरच उरला नसल्याने, नव्या संगणकावर त्यातले एकही पद वाजेना. वडिलांच्या कॅसेटी मात्र मी गिरगावातल्या घरी, जुना टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून, ऑडॅसिटी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उतरवल्या. पावसाळी दमटपणाने चिकटलेली फीत पेन्सिलीने हळूहळू फिरवून मोकळी करावी लागली, पण ती गाणी आज फ्लॅक या ध्वनिफाइलच्या स्वरूपात सुखरूप आहेत.

२००१ साली आलेले फ्लॅक ध्वनीचा कणही न गाळता फाइलचा आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास आणते आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली असल्यामुळे, मूळ निर्माते उद्या नसले तरी, ते वाजवणारे सॉफ्टवेअर दुसरा कोणीही लिहू शकतो. एमपी३ सोयीचे खरे, पण त्यात गाळलेला आवाज परत मिळत नाही. कमी बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला कमी माहिती साठवली असेल तर, तानपुऱ्याची आस विरताना हे लगेच कानाला जाणवते.

म्हणून मुंबईतील संगीतसंस्थांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी आपल्याकडील ध्वनिमुद्रणे खुल्या स्वरूपातच जतन करावीत, आणि विक्रेत्यांनी ‘खरेदी करा’ असे लिहिताना फाइलला परवान्याशिवाय वाजू न देणारे डिजिटल कुलूप आहे की नाही हे तिथेच स्पष्ट सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई