हरणारा सुपरमॅन

संपादक महोदय,

जेम्स गन दिग्दर्शित 'सुपरमॅन' (२०२५) पाहिला आणि मनापासून आवडला. १९३८ सालापासून चालत आलेल्या या नायकाची जन्मकथा पुन्हा उगाळलेली नाही, हे फार बरे झाले. पहिल्याच दृश्यात तो हरून, जखमी होऊन बर्फात कोसळतो आणि शीळ घालून क्रिप्टो या कुत्र्याला बोलावतो. सुपरमॅन साकारणाऱ्या डेव्हिड कोरेनस्वेटने त्याचा भाबडेपणा जराही हास्यास्पद होऊ दिलेला नाही. राक्षसी प्राण्याशी झुंजतानाही तो एका खारीला वाचवतो!

सर्वांत रंगलाय तो पत्रकार लोइसने घेतलेल्या सुपरमॅनच्या मुलाखतीचा प्रसंग. कोणालाही न विचारता युद्ध थांबवायचा अधिकार तुला कोणी दिला, असे ती खोदून खोदून विचारते. तो चिडतो, त्याला फक्त माणसे मरणार होती एवढेच दिसते. दोघांचेही म्हणणे पटते, आणि एका खोलीतले हे भांडण मला साऱ्या हाणामारीपेक्षा थरारक वाटले.

उत्तरार्धात मात्र पात्रांची फार गर्दी होते. शहर दुभंगण्याची दृश्ये लांबली आहेत. ती आटोपशीर ठेवून मिस्टर टेरिफिक या दुसऱ्या सुपरहिरोला आणखी वाव द्यायला हवा होता.

— एक चित्रपटप्रेमी