अकराव्या लेव्हलपासून कॅम्पेन सुरू करण्यात गैर काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवरचा (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे अशा कथाखेळांवरचा) लेख आवडीने वाचला. फासे, पात्रे आणि डीएम (कथा चालवणारा सूत्रधार) यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रात इतकी जागा क्वचितच मिळते. मात्र नवी कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) नेहमी पहिल्या लेव्हलपासूनच, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या सर्वांत खालच्या पायरीपासूनच सुरू करावी, बलाढ्य पात्रे आयती हाती आली की खेळाची गोडी जाते, हे लेखातील मत मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या लेव्हलचा आग्रह आला तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या खेळामधून. परंतु अवघ्या तीन वर्षांनी आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात पात्र अठराव्या वर्षी नोकरीत शिरते, चार-चार वर्षांच्या मुदती पूर्ण करते आणि प्रत्यक्ष खेळ सुरू होतो तेव्हा ते बहुधा निवृत्त, अनुभवी, क्वचित पेन्शनही घेणारे असते. (या मुदतींमध्ये फासे फिरले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरूही शकते, ही त्यातली खास गंमत.) खुद्द डी अँड डीच्या ‘डार्क सन’ या १९९१ मधील वाळवंटी जगात पात्रे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर डीएमसाठीच्या पुस्तकात वरच्या लेव्हलवरून सुरुवात करण्यासाठी तक्ताच आहे. अकराव्या ते सोळाव्या लेव्हलवर सुरू होणाऱ्या पात्राला नेहमीच्या सामानाखेरीज ५,००० सोन्याची नाणी आणि दहा बाजूंच्या फाशावर पडेल त्याच्या २५० पट नाणी द्यावीत, असे तो सांगतो. म्हणजे यात नियमाबाहेरचे काही नाही.

शिवाय व्यवहाराची बाजू आहेच. दुसरी लेव्हल खेळताना साठणाऱ्या ३०० अनुभवगुणांवर मिळते, अकरावीसाठी ८५,००० लागतात. महिन्यातून एकदा जमणाऱ्या नोकरदार मंडळींचा गट तिथवर पोचण्याआधीच कोणाची बदली होते, कोणाच्या मुलांची दहावी येते आणि पुस्तकाची उत्तरार्धातली पाने कोरीच राहतात. ज्यांना ती खेळायची आहेत, त्यांनी थेट तिथूनच सुरुवात का करू नये?

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही, पण त्या ‘आयत्या बळा’च्या नाहीत. पहिली अडचण शीट (पात्राची सगळी माहिती लिहिलेला कागद) वाचण्याची आहे. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) सहा स्पेल (मंत्र) आणि दोन स्लॉट (मंत्र वापरण्याच्या संधी) असतात. अकराव्या लेव्हलला वहीत किमान २६ स्पेल आणि हाताशी १६ स्लॉट असतात. दहा लेव्हल चढताना हे ओझे हळूहळू अंगवळणी पडते. एकदम दिले तर खेळाडू आपली टर्न आली की पाने उलटत बसतो आणि बाकीचे चहा मागवतात. आमच्या टेबलावर एका क्लेरिकने (दैवी मंत्र वापरणाऱ्या पुरोहिताने) दोन सोबती धारातीर्थी पडल्यावर शीट पालटली, तेव्हा सगळ्यांना एकदम बरे करणारी स्पेल मागच्या बाजूला सापडली. त्यानंतर मी एक पद्धत ठरवून टाकली आहे. प्रत्येकाने तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या लेव्हलची अशा तीन शीट करायच्या. पहिल्या सेशनमध्ये तिसऱ्या लेव्हलची एक छोटी चकमक खेळायची, मग काही वर्षे उलटल्याचे सांगून सातव्या लेव्हलची, आणि शेवटच्या तासात आजचा प्रसंग. जी शक्ती सातव्या लेव्हलला एकदा वापरली ती अकराव्याला शोधावी लागत नाही, आणि पात्रांना थोडा भूतकाळही लाभतो.

भूतकाळ हाच खरा कळीचा मुद्दा आहे. पहिल्या लेव्हलपासून वाढलेल्या पार्टीला (पात्रांच्या टोळीला) एकमेकांची उणीदुणी ठाऊक असतात. एकदम अकराव्या लेव्हलवर भेटलेले चौघे म्हणजे मुलाखतीला आलेले उमेदवार. त्यासाठी मी दहा-दहा पानी पूर्वकथा मागत नाही, कारण त्या लिहिणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही. प्रत्येकाने उजवीकडच्या पात्रासोबतची एक जुनी कामगिरी सांगायची आणि त्यात काय बिनसले ते उजवीकडच्या खेळाडूने सांगायचे, एवढेच. एका पॅलाडिनने (व्रतस्थ योद्ध्याने) पूल राखल्याची शौर्यकथा सांगितली, ‘रोग’ (चोरटे, चपळ पात्र) खेळणारी मुलगी शांतपणे म्हणाली, “पूल राखलास, पण मी पलीकडेच राहिले होते.” त्या एका वाक्यावर आमची पुढची कितीतरी सेशन चालली. जादुई वस्तूंचेही तेच. यादीतून तलवार निवडली की ती कोणाची होती हे विचारायचे. ती मेलेल्या सेनापतीची निघाली आणि त्याची मुलगी ती परत मागायला आली, तर त्या तलवारीचा अधिक-दोन बोनस (फाशाच्या आकड्यात मिळणारी भर) ही तिची सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट ठरते.

राहता राहिले कथानक. इथे डीएमनेच जुन्या सवयी सोडायला हव्यात. खुनाचे रहस्य रचाल तर पाचव्या लेव्हलचा क्लेरिकही प्रेतालाच पाच प्रश्न विचारतो. नवव्या लेव्हलला ५०० नाण्यांचा हिरा खर्चून मेलेला माणूस उठवता येतो, आणि तेराव्याला टेलिपोर्ट (क्षणात दूरवर पोचवणारी स्पेल) मिळाला की महिनाभराचा खडतर प्रवास एका टर्नमध्ये आटोपतो. या शक्तींवर बंदी घालणे हा रडीचा डाव झाला. त्याऐवजी प्रश्नच असा असावा की जो ताकदीने सुटत नाही: दोन शहरे एकाच रात्री वेढ्यात सापडली आहेत, कोणत्या शहरात जायचे? राजाला जिवंत करता येईल, पण त्याचा वारस गादीवर बसला आहे आणि तो चांगला राज्य करतो आहे, मग? १९७० च्या दशकातील नियमांत नवव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) स्वतःचा किल्ला उभारून शिबंदी बाळगू लागे, ते उगाच नव्हे. त्या टप्प्यावर गुहेतल्या खजिन्यापेक्षा मुलखाची काळजी हेच खेळाचे सूत्र असावे, ही समज तेव्हापासूनची आहे.

कोणत्या लेव्हलपासून सुरुवात करावी, असे कोणी विचारले तर मी अकरावीच सुचवीन. सतराव्या लेव्हलला विझार्डला नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पेल मिळतात, त्यात बोललेली इच्छा खरी करणारी ‘विश’ आहे, आणि एका वाक्यात जग बदलू शकणारे पात्र पहिल्याच दिवशी हाताळणे मुरलेल्या डीएमलाही जड जाते. संपूर्ण गटच नवखा असेल तर लेखातील सल्ला योग्य आहे, पहिलीच लेव्हल घ्यावी. मात्र चार जाणत्यांत एखादाच नवा असेल, तर त्याच्यासाठी बाकीच्यांना खाली ओढण्याचे कारण नाही. त्याला फायटर द्यावा: शंभरेक हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद), एका टर्नमध्ये तीन वार आणि वाचायला जेमतेम एक पान.

आपला,
एक डीएम, ठाणे