शेतकरी बाजार आठवड्यातून एकदा भरून भागत नाही

संपादक महोदय,

पुण्यात सोसायट्यांच्या आवारात आणि महापालिकेच्या मोकळ्या जागांवर रविवारी शेतकरी बाजार भरतात, ही चांगलीच गोष्ट आहे. जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे तो बाजार समितीतूनच विकण्याचे बंधन उठले, राज्याच्या पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले आणि शेतकऱ्याला माल थेट विकण्याची वाट मोकळी झाली. तरीही मुळशी-पुरंदरचा एक-दोन एकरवाला चार-सहा महिने बाजारात बसतो आणि पुन्हा मार्केट यार्डात आडत्याच्या गाळ्यावर माल टाकायला लागतो. असे का होते, हे बाजार भरवणाऱ्यांनी तोडणीच्या हिशेबाने पाहायला हवे.

भेंडीचेच घ्या. ती दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस चुकले की शेंग निबर होते, आणि निबर शेंगा झाडावर राहिल्या की पुढचा बहर मंदावतो. दहा गुंठे भेंडी भरात असली की एका तोड्याला साधारण दोन क्रेट, म्हणजे 40 किलो माल निघतो. आठवड्यात असे तीन-चार तोडे होतात. रविवारच्या बाजारात त्यातला शनिवारचा एकच खपतो. उरलेले मार्केट यार्डातच पाठवावे लागतात आणि दोन क्रेटच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, भाडे, हमाली, तोलाई गेल्यावर हातात फारसे काही राहत नाही. गवार, काकडी, दोडका, सगळ्यांची हीच गत. म्हणून एकाच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बाजार देणे म्हणजे छोट्या शेतकऱ्याला पाव बाजार देणे आहे.

यावर उपाय जुनाच आहे. आपल्याकडे गावोगावचे बाजार वार वाटून घेतात, एका गावचा मंगळवार तर शेजारच्या गावचा गुरुवार. तसेच शहरातल्या जवळजवळच्या तीन वस्त्यांनी बुधवार, शुक्रवार आणि रविवार वाटून घ्यावेत आणि तिन्हीकडे त्याच पंधरा-वीस शेतकऱ्यांना जागा द्यावी. मधल्या वारी बाजार संध्याकाळी साडेचार ते आठ असावा, कारण नोकरदार घरी परततात तेव्हाच भाजी घेतात. रविवारी सकाळी सात ते अकरा पुरे. चार-पाच जणांनी मिळून एक टेम्पो केला तर भाडेही झेपते.

पालेभाज्यांना मात्र आठवड्याचा फेरा चांगला बसतो. मेथी 25-30 दिवसांत, पालक 30-35 दिवसांत आणि कोथिंबीर 40-45 दिवसांत येते. दर आठवड्याला एक-दोन गुंठेच पेरले तर दर बाजाराला कोवळा माल मिळतो. धने रगडून दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत, नाहीतर उगवण विरळ होते. काढणी आदल्या संध्याकाळी करावी. मेथीच्या जुड्या एकावर एक गच्च रचल्या की मधल्या जुड्या उबतात आणि सकाळी पाने पिवळी निघतात. त्या उभ्या रचाव्यात, मुळे ओल्या गोणपाटावर टेकलेली असावीत आणि मध्ये हवा खेळती राहावी. भेंडीवर मात्र पाणी मारू नये, ती काळी पडते. भर पावसात एखादा आठवडा कोथिंबीर नसेल, हे ग्राहकानेही समजून घ्यावे.

दुसरे दुखणे बनावट शेतकऱ्यांचे. पहाटे यार्डातून माल उचलून सकाळी 'थेट शेतातून' अशी पाटी लावणारे ओळखू येतात. एकाच टेबलावर बटाटा, फ्लॉवर, आले, सिमला मिरची आणि मे महिन्यात मटार. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यातला, उन्हाळ्यातला मटार बाहेरून येतो. नुसता सातबारा मागून उपयोग नाही, कारण जमीन नावावर असणे वेगळे आणि त्यात आज काय उभे आहे ते वेगळे. नव्या माणसाला जागा देण्याआधी बाजारातल्या दोघा शेतकऱ्यांनी त्याच्या रानात जाऊन पीक आणि गुंठे लिहून घ्यावेत. पाच गुंठ्यांच्या वांग्यातून दर बाजाराला दोन क्विंटल वांगी येऊ लागली तर विचारणा करावी. शेजाऱ्याचा माल आणायला हरकत नाही, पण पाटीवर त्याचे नाव आणि गाव हवे.

भावाच्या बाबतीत एक चूक सगळीकडे होते. शेवटच्या अर्ध्या तासात माल पडत्या भावाने काढला जातो. चार आठवड्यांत गिऱ्हाइकाला ते कळते आणि सकाळची गर्दी अकराकडे सरकते. त्या दिवशीचा यार्डाचा घाऊक भाव आणि दारावरचा किरकोळ भाव यांच्या मधला दर सुरुवातीला फळ्यावर लिहावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. उरलेला माल जवळच्या खानावळीने किंवा वसतिगृहाने उचलायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक काट्यांची पडताळणी दरवर्षी करावी लागते. शिवाय प्रवेशाशी एक सामाईक काटा ठेवला की वजनावरून वाद होत नाहीत.

अनेक ठिकाणी विक्रीला बाई बसते आणि क्यूआर कोड घरातल्या पुरुषाच्या खात्याचा असतो. दिवसाचा हिशेब तिच्या हाती येत नाही. जागा देतानाच तिच्या नावाचे खाते आणि कोड मागितला तर हे सहज सुधारेल. याच बायका पहाटे चारला घर सोडतात आणि दुपारपर्यंत त्यांना स्वच्छतागृह मिळत नाही. सावलीचा मांडव आणि पिण्याच्या पाण्याइतकीच ही सोय आवश्यक आहे, तिच्याशिवाय कोणत्याही बाजाराला परवानगी देऊ नये.

महापालिका आणि सोसायट्या जागा महिन्या-महिन्याच्या बोलीवर देतात, एखादे लग्न किंवा कार्यक्रम आला की बाजार हलतो. ही मुदत किमान वर्षाची करावी. आज टाकलेल्या भेंडीचा पहिला तोडा 45-50 दिवसांनी येतो. तो कुठे विकायचा, हे बी टाकतानाच ठरलेले हवे.

– एक भाजीपाला उत्पादक, पुरंदर तालुका