आमच्या शाळेच्या शिपाईमामांस

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही, कारण तुम्हीच तशी तंबी दिलीत: "माझं नाव कुठं घालू नका, हेडमास्तरांना वाटेल मीच सांगून लिहवून घेतलं." बरं, नाही घालत. पण वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या चर्चच्या शाळेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो कुणी शिकला, त्याला हे पत्र कुणाला आहे ते सांगायला नको. माझ्या पप्पांसाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार मेळाव्याच्या दिवशीच मानायला हवे होते. पण तोंड उघडलं असतं तर रडू आधी बाहेर पडलं असतं, आणि मेळावा समितीच्या त्या टेबलासमोर मला काही झालं तरी रडायचं नव्हतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा यंदा, २०२५ ला, २६ एप्रिलच्या शनिवारी धरला होता. सरकारने पहिली ते नववीच्या परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या, त्यामुळे वर्ग त्याआधी रिकामे होणारच नव्हते. शिवाय आखातातली, कॅनडातली मंडळी ईस्टरला घरी आलेली असतात, परत जायच्या आधी त्यांना गाठायचं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, घोषणा झाली. पप्पा घरी आले, हातातल्या झावळीचा क्रूस वळून घरातल्या आल्तारामागे, म्हणजे वेदीमागे, खोचला आणि म्हणाले, "मीपण जाणार."

पप्पा ८१ वर्षांचे. १९५८ साली सातवी फायनल देऊन त्यांनी शाळा सोडली, कारण आजोबांचा पानमळा होता आणि हात कमी होते. त्यानंतर साठ वर्षं पानवेली, केळी, मोगरा, आणि पहाटेच्या लोकलने दादर. आम्हा पाचही भावंडांच्या फिया त्यांनी त्याच शाळेच्या त्याच खिडकीत भरल्या. पण मेळाव्याला मला नेता का, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा विचारलं.

आता समितीचा फॉर्म बघा. मोबाइलवर भरायचा. "दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष" हा रकाना सक्तीचा, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अरे बाबांनो, आपल्याकडे दहावीची बोर्डाची परीक्षाच मुळी १९७५ साली सुरू झाली! त्याआधी अकरावीची एसएससी होती. म्हणजे ज्याने सत्तरी गाठली आहे असा एकही माणूस तुमचा रकाना खरं लिहून भरू शकत नाही, मग तो बोर्डात पहिला आलेला का असेना. शाळेचा मेळावा आणि शाळेतल्या सगळ्यात जुन्या माणसांनाच दार बंद.

फोन केले. एकजण म्हणाला, "पाहुणे म्हणून आणा की अंकलना, जेवण आहेच." दुसरा म्हणाला, "सातवीवाल्यांचं रेकॉर्ड आता कुठे असणार?" तिसरा म्हणाला, "बघतो." तो अजून बघतोच आहे. तिघंही ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर असतात हे मी इथे लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

तुम्हाला मी काम म्हणून सांगितलंच नव्हतं, मामा. भाचीचा दाखला घ्यायला आले होते, ऑफिसाबाहेर उभी होते, बोलता बोलता विषय निघाला. तुम्ही फक्त विचारलंत, "कुठलं साल?" आणि घंटा द्यायला निघून गेलात. मी घरी आले आणि विसरले.

तुम्ही मात्र कपाट उघडलंत. ते कपाट शिल्लक आहे तेही तुमच्यामुळेच, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, ऑफिसात गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर उचलायला चारजण धावले आणि जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रत्येक मुलाच्या दाखल्याच्या नोंदीची बाडं, तुम्ही एकट्याने उचलून वरच्या मजल्यावर बेंचांवर रचलीत. जनरल रजिस्टर शाळेने कायम जपायचं असतं असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ होता, ओझं तुम्ही उचललंत.

मेळाव्याचा दिवस उजाडला तो वेगळाच. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस गेले होते आणि नेमका त्याच शनिवारी त्यांचा दफनविधी. देशातही त्या दिवशी दुखवटा. बँड रद्द, नाच रद्द. जुन्या फोटोंसाठी लावलेल्या पडद्यावर दुपारी दीडपासून रोमचं थेट प्रक्षेपण. लोक नटूनथटून आले होते आणि कुजबुजत बोलत होते. पप्पांनी लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला होता.

दारातल्या टेबलावर बॅज वाटत होते. प्रत्येकावर नाव आणि खाली बॅचचं वर्ष. आमची पाळी आली. त्या मुलाने यादी वरून खाली पाहिली, मग पेटीतून एक बॅज काढला. त्यावर नाव नव्हतं, नुसतं "पाहुणे" छापलेलं. पप्पांनी तो घेतला. त्यांना वाचता येतं, मामा, व्यवस्थित येतं. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, आणि पिन उघडायला लागले. बोटं थरथरतात त्यांची, पिन उघडेना.

तेवढ्यात तुम्ही ऑफिसातून आलात. हातात पुठ्ठ्याचा तुकडा, शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेला. त्यावर निळ्या शाईत, फळ्यावर सुविचार लिहिता त्या अक्षरात, पप्पांचं पूर्ण नाव, खाली "जनरल रजिस्टर" आणि नंबर, आणि त्याखाली "१९५१ ते १९५८". तुम्ही पप्पांच्या हातातून "पाहुणे" काढून घेतलंत, तुमचा पुठ्ठा त्यांच्या खिशाला लावलात, शर्टाला भोक मोठं पडू नये म्हणून शिवणीवर. आणि मग तो "पाहुणे"चा बॅज स्वतःच्या खाकी शर्टाला लावलात.

टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मामा, हे काय?"

तुम्ही म्हणालात, "मी कुठं इथं शिकलोय? पाहुणा मीच की."

आणि संध्याकाळभर तो बॅज लावून तुम्ही पाणी वाटलंत, खुर्च्या उचलल्यात, जनरेटर बघितलात. तीस वर्षं ज्या शाळेची घंटा तुम्ही देताय तिथे छातीवर "पाहुणे" लावून! लोक हसत होते, काहींना विनोद वाटला. मला तेव्हा कळलं की कुणाचा मान राखायचा तर त्यासाठी टाळ्या आणि माइक लागत नाहीत, पण स्वतः एक पायरी खाली उतरायची तयारी लागते. ती समितीत कुणाची नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण पप्पांच्या बाजूने सांगते. तुम्ही त्यांना ऑफिसात नेलंत, रजिस्टर उघडून ठेवलेलंच होतं, लाल कापडावर. कडा कसरीने खाल्लेल्या, पण ओळ शाबूत. दाखल केल्याची तारीख, धर्म, आजोबांचा धंदा. "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यात "घरकाम". आणि त्याच्या आधी "वर्तणूक: चांगली". तुम्ही तेवढंच मोठ्याने वाचलंत. आता आमच्याकडे रोज संध्याकाळी हे ऐकावं लागतं. मम्मीने काही बोललं की पप्पा म्हणतात, "सरकारी कागदावर आहे, वर्तणूक चांगली."

मिस्सा पोपच्या आत्मशांतीसाठी होती. तरुण फादर मराठीत प्रार्थना म्हणत होते आणि पप्पा शेजारी हळूच लॅटिनमध्ये उत्तर देत होते: "एत कुम स्पिरितु तुओ." त्यांच्या शाळेच्या दिवसांत मिस्सा लॅटिनमध्येच असायची, मिस्सात फादरना मदत करणारा ऑल्टर बॉय म्हणून सगळं पाठ केलेलं, अर्थ आजही विचारू नका. पुढच्या बाकावरची दोन मुलं वळून बघायला लागली. मिस्सा संपल्यावर त्यांनी पप्पांना ते पुन्हा म्हणायला लावलं आणि मोबाइलवर घेतलं. छातीवर तुमचा पुठ्ठा नसता तर हे आजोबा याच शाळेचे, हे त्या मुलांना कळलंच नसतं. तुम्ही तेव्हा दाराशी उभे होतात, गळ्यात तुळशीची माळ, हात जोडलेले. आषाढीला रजा मागणारे तुम्ही आणि राखेच्या बुधवारी पोरांना रांगेत उभं करणारेही तुम्हीच. याबद्दल आजवर कुणी भाषण केलं नाही, आणि करूही नये.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही, त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता मिळतो. तुमचीही वेळ आता जवळ आली. भत्त्यावर माणूस येईल, झाडलोट होईल, घंटाही होईल. पण कुठल्या कपाटात १९५१ आहे आणि कुठली किल्ली अर्धी फिरवून मग ओढावी लागते, हे भत्त्यात बसतं का? मेळाव्यात शाळेसाठी देणग्या जाहीर झाल्या, चांगलं झालं. त्यातून आधी ही रजिस्टरं स्कॅन करून घ्या आणि त्या कामाला मामांना शेजारी बसवा, एवढं समितीला इथेच सांगून ठेवते. आणि फॉर्ममधला तो रकानाही काढा.

मामा, मावशीकडे यंदा राजेळी केळ्यांची सुकेळी चांगली वाळली आहेत. पप्पांनी तुमच्यासाठी एक डबा वेगळा काढून ठेवलाय आणि तो स्वतःच घेऊन येणार म्हणतात. सुट्टीत शाळेत कुठल्या वाराला असता ते भाचीकडे निरोप देऊन कळवा. दुपारी नको, ऊन फार आहे.

तुमची,
१९९१ च्या बॅचची एक मुलगी